जोती आणि रस्ता: स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याने अकरा दिवस

आमचे आजोळ पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या एका खोऱ्यात होते. ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरले की घरांची जोती, देवळाचा चौथरा आणि विहिरीचा कठडा उघडा पडतो, आणि सुट्टीच्या दिवशी शहरातून आलेली मंडळी काठावर गाड्या लावून, किती शांत आणि निर्मनुष्य जागा आहे, असे म्हणत छायाचित्रे काढतात. त्यांचा दोष नाही, कारण तिथे काय होते हे सांगणारी एक पाटीसुद्धा काठावर नाही. माझ्या आईने ते गाव सोडले तेव्हा तिचे लग्न झालेले होते, पण तिचे आईवडील आणि भाऊ मात्र सामानासह दौंडच्या बाजूला, पाऊस कमी आणि पाण्याची चव वेगळी अशा मुलखात नव्याने राहायला गेले. ताईला ते जुने घर थोडेसे आठवते. मला आठवत नाही.

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याचा प्रवास आम्ही दोघा भावंडांनी केला, त्याची सुरुवात मात्र या आठवणीतून झाली नव्हती. ताईने तीस वर्षे पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या आणि समुद्राचे आत शिरलेले लांबट फाटे तिने फळ्यावर असंख्य वेळा काढले होते आणि निवृत्तीनंतर ते एकदा डोळ्यांनी पाहावेत एवढीच तिची इच्छा होती. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघून पूर्व, उत्तर आणि पश्चिम किनाऱ्याने फिरून पुन्हा इन्व्हर्नेसला येणारा ५१६ मैलांचा, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटरचा वळसा २०१५ पासून 'नॉर्थ कोस्ट ५००' या नावाने ओळखला जातो. हे रस्ते जुनेच आहेत, त्यांना जोडणारे नाव तेवढे नवे आहे. तयारीच्या काळात ताई नकाशावर वाकून एकेका दरीबद्दल वाचू लागली, आणि एका रात्री तिने मला फोन करून सांगितले की ज्या दऱ्यांची छायाचित्रे पाहून आपण जायचे ठरवले, त्यांतल्या कित्येक दऱ्यांत दोनशे वर्षांपूर्वी दाट वस्ती होती. त्या फोननंतर आमच्या प्रवासाचा आराखडा बदलला.

तयारीचा भाग थोडक्यात सांगतो. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरून बोटांचे ठसे पुण्यातच देता आले. ब्रिटनमध्ये पाहुण्याला आपल्या भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, परंतु गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या अटी निराळ्या असू शकतात, म्हणून मी पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घेतला. त्याचे शुल्क एक हजार रुपये आणि मुदत एक वर्षाची असते. तिथेही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्याकडच्या चालकाला मोठी अडचण येत नाही. अडचण येते ती गाडी मागे घेण्याची. हे आधीच वाचलेले असल्यामुळे निघण्यापूर्वीचे चार रविवार मी तोरण्याच्या पायथ्याकडच्या अरुंद रस्त्यांवर, एका मित्राची ऑटोमॅटिक गाडी घेऊन, शंभर-शंभर मीटर उलटे चालवण्याचा सराव केला. संपूर्ण तयारीत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच होती, असे मी आज खात्रीने सांगू शकतो. दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे आम्ही मुद्दाम सर्वांत लहान गाडी मागितली. राहण्याच्या जागा मात्र पाच महिने आधी ठरवाव्या लागल्या, कारण उत्तरेकडच्या गावांत खोल्या मुळातच मोजक्या आहेत.

मेच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही इन्व्हर्नेसला पोहोचलो. पुण्यात तेव्हा वळवाची वाट पाहणे चालू होते आणि इथे अंगावर दोन स्वेटर होते. रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळत होता आणि त्यानंतरही आकाश पुरते काळे होत नव्हते, त्यामुळे 'अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचू' ही आपल्या घाटांतली घाई या प्रवासात कधीच करावी लागली नाही.

पहिल्याच दिवशी आम्ही ठरलेला वळसा सोडला. आर्डगे या गावापासून दहा मैल आत, नदीच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला क्रॉइक नावाचे लहानसे चर्च आहे. १८४५ साली शेजारच्या ग्लेनकॅल्व्ही दरीतल्या कुळांना मेंढ्यांच्या कुरणासाठी घराबाहेर काढण्यात आले, तेव्हा ऐंशी-नव्वद माणसे, त्यांत लहान मुलेही, या चर्चच्या आवारात आडोसा करून राहिली. चर्चच्या आत राहणे हा देवाच्या घराचा अवमान होईल म्हणून ती बाहेरच राहिली, असे सांगतात. खिडकीच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचांवर त्यांनी बाहेरच्या बाजूने काही ओळी कोरून ठेवल्या आहेत. ग्लेनकॅल्व्हीचे लोक २४ मे १८४५ रोजी या आवारात होते, एवढीच माहिती एका ओळीत आहे, आणि दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी स्वतःलाच 'दुष्ट पिढी' म्हटले आहे, जणू हे संकट आपल्याच पापाचे फळ असावे. त्यांची रोजची भाषा गेलिक होती, पण काचेवरची अक्षरे इंग्रजी आहेत. त्या वेळी 'टाइम्स' या वृत्तपत्राचा बातमीदारही इथे येऊन गेला होता. ताई बराच वेळ त्या काचेसमोर चष्मा वर-खाली करत उभी होती. "अरे, यांनी तारीख घातली आहे," एवढेच ती म्हणाली. आमच्या आजोळच्या माणसांनी गाव सोडले ती तारीख आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. नक्षत्र ठाऊक आहे, कारण भाताची रोपे तयार असताना निघावे लागले, असे आजी सांगत असे.

पूर्व किनाऱ्याचा रस्ता चांगला दुपदरी आहे आणि तो झपाट्याने मागे पडतो. मेमध्ये दोन्ही बाजूंना गॉर्स नावाचे काटेरी झुडूप पिवळ्या फुलांनी इतके भरलेले असते की उतारच्या उतार पिवळे दिसतात. गोल्स्पी गावामागच्या डोंगरमाथ्यावर सदरलँडच्या पहिल्या ड्यूकचा प्रचंड पुतळा दुरूनच दिसतो. चौथऱ्यासह त्याची उंची तीस मीटरच्या आसपास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दोन दशकांत याच घराण्याच्या जहागिरीवरील अंतर्भागातल्या दऱ्यांमधून हजारो कुळांना उठवून किनाऱ्यावर आणले गेले आणि त्या दऱ्या मोठ्या मेंढपाळांना खंडाने दिल्या गेल्या. त्या काळच्या व्यवस्थापकांच्या लेखी ही सुधारणाच होती: किनाऱ्यावर लोकांनी मासेमारी करावी, बंदरे उभी राहावीत, आणि डोंगरात चेव्हिअट जातीच्या मेंढ्यांची लोकर पिकावी. हेल्म्सडेल हे गाव असेच आखून वसवलेले आहे. तिथे समुद्राकडे तोंड करून एका स्थलांतरित कुटुंबाचे ब्राँझचे शिल्प उभे आहे, त्यातला पुरुष पुढे पाहतो आणि कडेवर मूल घेतलेली बाई मान वळवून मागे, किल्डोनानच्या दरीकडे पाहते. त्या दरीतली काही माणसे १८१३ मध्ये जहाजाने थेट कॅनडाला, आज जिथे विनिपेग शहर आहे त्या भागात गेली.

हेल्म्सडेलच्या पुढे बेरिडेलच्या अलीकडे गाडी लावून अर्ध्या तासात चालत जाता येईल असे बॅडबे नावाचे उजाड गाव आहे. ते समुद्राच्या थेट कड्यावर आहे. आसपासच्या दऱ्यांतून हाकललेल्या कुटुंबांना हीच जागा उरली, आणि इथे वारा असा की गुरांना आणि लहान मुलांनाही दोराने बांधून ठेवत, म्हणजे ती कड्यावरून खाली जाणार नाहीत. आम्ही गेलो त्या दिवशी ऊन स्वच्छ होते, तरीही वाऱ्यापुढे ताईला माझा हात धरून चालावे लागले, त्यामुळे दोरांची गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज राहिली नाही. गावातला शेवटचा रहिवासी १९११ मध्ये निघून गेला आणि त्याच वर्षी, इथून १८३९ साली न्यूझीलंडला गेलेल्या एका माणसाच्या मुलाने पडक्या घराच्या दगडांतून तिथे स्मारक बांधले. त्यावर कुटुंबांची नावे आहेत. नावे असल्याने काय फरक पडतो, हे तिथे उभे राहिल्यावर कळते. आपण नुसते अवशेष पाहत नसतो, कोणाच्या तरी दारात उभे असतो.

जॉन ओ'ग्रोट्सला फारसे थांबण्यासारखे नाही, असे माझे मत आहे. तिथून दोन मैलांवरचे डंकन्सबीचे समुद्रात उभे असलेले दगडी सुळके आणि ब्रिटनच्या मुख्य भूमीचे अगदी उत्तरेचे टोक असलेले डनेट हेड या दोन्ही जागांना मात्र पुरेसा वेळ द्यावा. डनेट हेडवरून ऑर्कनी बेटे दिसत होती, आणि तिथे ताईने मला एक गोष्ट सांगितली जी मला फार आवडली. 'सदरलँड' या नावाचा अर्थ 'दक्षिणेकडचा प्रदेश' असा आहे. ब्रिटनच्या जवळजवळ उत्तर टोकाला असलेल्या मुलखाला दक्षिण म्हणणारे लोक ऑर्कनीमधले नॉर्स दर्यावर्दी होते आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते बरोबरच आहे. पश्चिमेला असलेल्या केप रॅथ या भूशिराचे नावही त्यांच्याच भाषेतले असून 'वळण्याची जागा' असा त्याचा अर्थ आहे. जहाजे तिथून दिशा बदलत.

थर्सो सोडून पश्चिमेकडे निघाल्यावर काही मैलांनी रस्ता एकपदरी होऊ लागतो आणि खरा प्रवास तिथे सुरू होतो. एकपदरी म्हणजे एका गाडीपुरताच रस्ता, दोन्ही दिशांची वाहतूक त्यावरूनच, आणि दर शे-दोनशे मीटरवर रस्ता थोडा फुगवून केलेली पासिंग प्लेस, जिच्या शेजारी पांढरी पाटी असते. ही जागा आपल्या डावीकडे असेल तर आपण तिच्यात शिरायचे, उजवीकडे असेल तर रस्त्यावरच तिच्यासमोर थांबायचे आणि समोरच्याला तिच्यात शिरू द्यायचे. उजवीकडच्या जागेत आपण कधीही घुसायचे नाही. मागून कोणी घाईत येत असेल तर त्यालाही अशाच जागी वाट द्यायची, कारण तो इथला रहिवासी असू शकतो, त्याला दवाखान्यात किंवा कामावर जायचे असते आणि आपण फिरायला आलेले असतो. या जागांत गाडी उभी करून छायाचित्रे काढणे ही सर्वांत मोठी चूक समजली जाते, आणि ते योग्यच आहे. चढणाऱ्या गाडीला शक्य तेथे वाट द्यावी हा नियम आपल्या घाटांतही आहे आणि तिथेही आहे. फरक इतकाच, की तिथे माणूस दोनशे मीटर पुढची पासिंग प्लेस पाहून, समोरून येणारी गाडी तिच्या किती जवळ आहे याचा अंदाज आधीच घेतो आणि आपला वेग तसा ठेवतो. पहिल्या दिवशी मी रस्ता पाहून गाडी चालवत होतो, तिसऱ्या दिवशी समोरच्या माणसाच्या अडचणीचा अंदाज घेऊन चालवू लागलो. वाट मिळाली की स्टीअरिंगवरून एक बोट उचलायचे. प्रत्येक जण उचलतो.

हे सगळे शिकण्यापूर्वीची एक चूक सांगायला हवी. बेटीहिलहून दक्षिणेला स्ट्रॅथनेव्हर नावाच्या दरीत जाताना समोरून लाकडाचे ओंडके वाहणारा मोठा ट्रक आला आणि मी मागे जाण्याऐवजी गाडी डावीकडे साइडपट्टीवर दाबली. आपल्याकडे हे सहज चालते, कारण आपल्या साइडपट्टीखाली मुरूम असतो. इथे गवताखाली पीट असते, म्हणजे हजारो वर्षे अर्धवट कुजत साठलेल्या शेवाळाचा ओला, स्पंजासारखा थर. डावी चाके पाहता पाहता खाली गेली. ट्रकचालक हळूच पुढे गेला, थांबला, उतरून आला, त्याने पाहिले आणि पुढच्या घरातून कोणाला तरी पाठवतो असे सांगून गेला. पंचवीस मिनिटांनी ट्रॅक्टर घेऊन एक वयस्क गृहस्थ आले. त्यांनी गाडी ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, पण साइडपट्टीला पडलेली खाच मला दाखवून शांतपणे सांगितले की पावसात याच खाचेतून रस्ता खचायला सुरुवात होते. मला मनापासून वाईट वाटले. त्यांनी आम्ही कुठे निघालो असे विचारले. ताईने 'रॉसल' म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिले आणि सांगितले की त्यांचे पूर्वज याच दरीतून किनाऱ्यावर आले होते.

स्ट्रॅथनेव्हर ही सुपीक, रुंद, हिरवी दरी आहे. उत्तरेच्या सगळ्या प्रवासात इतकी चांगली शेतजमीन आम्हाला क्वचितच दिसली, आणि तीच रिकामी आहे. इथली गावे मुख्यतः १८१४ आणि १८१९ साली उठवण्यात आली. जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर याने १८१४ मध्ये घरांची छपरे जाळली. एका घरातून जवळजवळ शंभरीच्या वृद्ध बाईला बाहेर आणावे लागले आणि ती काही दिवसांतच वारली. सेलरवर १८१६ मध्ये इन्व्हर्नेसच्या न्यायालयात खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. रिकामी झालेली जमीन मेंढ्यांसाठी खंडाने घेणाऱ्यांत तो स्वतःही होता. बेटीहिल हे किनाऱ्यावरचे गाव विस्थापितांसाठी वसवले गेले आणि त्याला नाव मिळाले ते जहागिरीच्या मालकिणीचे, एलिझाबेथचे. तिथल्या जुन्या पांढऱ्या चर्चमध्ये आता स्ट्रॅथनेव्हरचे संग्रहालय आहे. आम्ही आधी संग्रहालय पाहिले आणि मग दरीत गेलो, हा क्रम चांगला ठरला.

रॉसल हे त्या दरीतले उठवलेले गाव आता लागवडीच्या जंगलात, झाडे न लावता राखलेल्या मोकळ्या उतारावर आहे. गाडीतळापासून स्प्रूसच्या दाट झाडीतून चालत गेले की एकदम उजेड येतो आणि समोर गवताळ चढ दिसतो. प्रथमदर्शनी तिथे काहीच नाही. मग डोळे सरावतात आणि गवताखालून लांबट चौकोन वर येऊ लागतात: भिंतींचे गुडघाभर उंचीचे दगड, धान्य वाळवण्याच्या भट्टीचा गोल खड्डा, शेतातून वेचून काढलेल्या दगडांचे ढीग, जुन्या वाफ्यांच्या समांतर लाटा. माहितीची पाटी वाचण्यापूर्वीच ताई एका लांबट जोत्याच्या उतरत्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा गोठा." मी पाटी पाहिली. तिचे बरोबर होते. इथली घरे लांबट असत, एकाच छपराखाली एका बाजूला माणसे आणि दुसऱ्या बाजूला गुरे, आणि गोठा नेहमी उताराच्या बाजूला, म्हणजे मूत वाहून बाहेर जाईल. आमच्या आजोळच्या घराची रचना हीच होती. मावळात आजही जुन्या घरांत गोठा घराच्या पोटातच असतो, थंडीत गुरांची ऊब माणसांना मिळते आणि पावसाळ्यात रात्री वैरण घालायला बाहेर पडावे लागत नाही.

त्यानंतर तासभर ताई त्या जोत्यांमधून फिरत होती आणि मला दाखवत होती. चूल इथे मध्यभागी असणार, कारण पाटीनुसार या घरांना धुराडे नव्हते. पाणी त्या खालच्या ओढ्यावरून आणत असणार. पेरणीची जमीन एका सलग पट्ट्यात आहे आणि तिच्याभोवती दगडमातीचा बांध घातलेला आहे, तो गुरे आत येऊ नयेत म्हणून, आणि बांधाबाहेरचा डोंगर सगळ्या गावाचा मिळून असणार, आपल्या गायरानासारखा. माझ्या बहिणीने आईकडून एवढे सगळे ऐकून ठेवले होते हे मला त्या दिवशी, साडेसात हजार किलोमीटर दूर, कळले. मी कधी विचारलेच नव्हते. तिने मग आजोळच्या घराचा आराखडा तिथेच माझ्या वहीत काढून दिला: ओटी, माजघर, गोठा, मागची पडवी, परसातला फणस आणि विहीर. मेमध्ये पाणी उतरल्यावर मी जो कठडा पाहत आलो, तो आमच्याच विहिरीचा आहे की शेजारच्यांच्या, हे तिला विचारले. शेजारच्यांच्या, असे तिने सांगितले, आमची विहीर अजून खोलात आहे.

टंगची खाडी, एरिबोलचा दूरवर आत गेलेला समुद्र, त्याला घातलेला लांबच लांब वळसा आणि डरनेसजवळची स्मू गुहा हे सगळे आम्ही दोन दिवसांत पाहिले. स्मूचे तोंड समुद्राने झिजवून रुंद केले आहे आणि आतली दालने चुनखडीत मुरणाऱ्या गोड्या पाण्याने कोरली आहेत, एकाच गुहेत दोन पाण्यांचे काम दिसते. डरनेसला दीड दिवस आडवा पाऊस होता आणि आम्ही खोलीत बसून मेतकूट-भात खाल्ला. लहान गावांत शाकाहारी माणसाला मसुरीच्या डाळीचे सूप बहुतेक ठिकाणी मिळते, तरीही भाजणी, मेतकूट आणि एक लहान कुकर सोबत असावा असे मी सुचवीन.

डरनेसहून दक्षिणेला वळल्यावर भूमीचा पोतच बदलतो. गवत मागे पडते आणि करडा, गाठीगाठींचा, तळ्यांनी भरलेला खडक सर्वत्र उघडा दिसतो. हा लुईशियन नाइस, त्याचा सर्वांत जुना भाग तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. कायलेस्कूचा वळणदार पूल १९८४ मध्ये झाला, तोवर तिथे गाड्या तरीवरून पलीकडे नेत. पूल ओलांडून असिंट प्रदेशात शिरलो आणि स्विल्व्हन हा ७३१ मीटर उंचीचा एकटा डोंगर समोर आला, तेव्हा आम्ही दोघेही एकदमच 'अरे, हा तर आपला!' असे म्हणालो. सपाट मैदानातून सरळ उठलेला, आडव्या थरांचा, कड्यांनी वेढलेला तो डोंगर हरिश्चंद्रगडाच्या किंवा नाणेघाटाच्या परिसरात ठेवला तर वेगळा दिसणार नाही. साम्य मात्र आकारापुरतेच आहे. आपले थर लाव्ह्याचे, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे, आणि इथले थर शंभर कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे, टोरिडोनियन वालुकाश्माचे.

ताईला खरे पाहायचे होते ते नॉकन क्रॅग. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला खालचा थर जुना आणि वरचा नवा हे शिकवावे लागत नाही, ते घाट चढतानाच दिसते. नॉकनच्या कड्यावर मात्र सुमारे पन्नास कोटी वर्षांच्या फिकट चुनखडीवर तिच्याहून कितीतरी जुना, काळपट मोईन शिस्ट बसलेला आहे. एकोणिसाव्या शतकात यावरून भूशास्त्रज्ञांमध्ये दीर्घ वाद झाला. बेन पीच आणि जॉन हॉर्न या दोघांनी वर्षानुवर्षे हा मुलूख पायी तुडवून दाखवून दिले की सुमारे त्रेचाळीस कोटी वर्षांपूर्वी भूखंडांच्या टकरीत जुना खडक कित्येक किलोमीटर ढकलला जाऊन नव्या खडकावर चढला. त्यांचा अहवाल १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि डोंगर कसे घडतात याच्या अभ्यासाला त्याने नवे वळण दिले. ताईने त्या सांध्यावर तळहात ठेवला, करंगळी चुनखडीवर आणि अंगठा शिस्टवर, आणि मला त्याचे छायाचित्र काढायला सांगितले. तिने संपूर्ण प्रवासात स्वतःहून काढून घेतलेले हे एकच छायाचित्र.

असिंटमध्येच आम्हाला या प्रवासातली सर्वांत समाधानाची गोष्ट समजली. लॉखिन्व्हरच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर क्रॉफ्टर, म्हणजे लहान तुकडा कसून समाईक कुरण वापरणारी कुळे, राहतात. त्यांना १८८६ च्या कायद्याने कसत्या जमिनीवरून उठवले न जाण्याची हमी मिळाली, पण मालकी जहागीरदारांकडेच राहिली आणि जहागिरी विकल्या जात राहिल्या. मालक बदलत आणि कुळांना ते वर्तमानपत्रातून कळे. अखेर १९९३ मध्ये असिंटच्या क्रॉफ्टरांनी एकत्र येऊन, देणग्या आणि कर्ज उभे करून, सुमारे एकवीस हजार एकरांची ती जमीन तीन लाख पौंडांना स्वतःच विकत घेतली. कुळकायदा पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला याचे मोल चटकन कळते. आजोबांच्या नावावर जमीन लागली होती ती कुळकायद्यानेच, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी ती पाण्यात गेली. त्या किनाऱ्यावरून जाताना प्रत्येक वाडीत धुणे वाळत होते, आणि एका घरासमोर मुलांची सायकल आडवी पडली होती. आम्ही तिथला रस्ता मुद्दाम हळू पार केला.

अलापूलला एक रात्र, टोरिडनला दोन. टोरिडनच्या डोंगरांविषयी लिहायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत, ते तांबूस आहेत, प्रचंड आहेत आणि त्यांच्या माथ्यावरचा पांढरा क्वार्टझाइट दुरून बर्फासारखा दिसतो. दहाव्या दिवशी आम्ही बेलाख ना बा या खिंडीच्या पायथ्याशी आलो. नावाचा अर्थ 'गुरांची खिंड'. आपल्या बैलघाटासारखीच ही गुरे नेण्याची वाट होती आणि १८२२ मध्ये तिथे रस्ता झाला. समुद्रसपाटीपासून सुरू होऊन तो ६२६ मीटरपर्यंत चढतो, चढ काही ठिकाणी पाचास एक इतका तीव्र आहे, आणि पायथ्याच्या पाटीवर शिकाऊ चालकांनी, मोठ्या वाहनांनी आणि कॅरॅव्हॅनवाल्यांनी पुढे जाऊ नये असे स्पष्ट लिहिले आहे. वरंध आणि ताम्हिणीच्या सवयीमुळे वळणांचे काही वाटले नाही. वाटले ते समोरून येणाऱ्या, पाटी न जुमानता घुसलेल्या एका मोटरहोमचे. तिला मागे जाता येत नव्हते, म्हणून आमच्यासह पाच गाड्यांनी एकामागून एक मागे सरकून तिला वाट दिली. मला दोन वळणे उलटी उतरावी लागली. तोरण्याच्या पायथ्याचे चार रविवार इथे कामी आले.

ॲपलक्रॉसहून परतताना आम्ही खिंडीऐवजी किनाऱ्याचा रस्ता धरला. तो सुंदर आहे, डावीकडे समुद्र आणि त्यापलीकडे स्काय बेटाचे निळे डोंगर. मधूनमधून वाड्या लागत होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच घरांना छप्पर नव्हते. वाटेत चहासाठी थांबलो तिथल्या बाईंनी सांगितले की हा रस्ता पूर्ण झाला तो १९७० च्या दशकात. त्याआधी या किनाऱ्यावरच्या वाड्यांना पायवाट किंवा होडी एवढाच आधार होता, आणि मुले शाळेसाठी, तरुण नोकरीसाठी बाहेर पडत गेले. रस्त्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या अर्ज करत होते. तो आला तोवर अर्ज करणाऱ्यांपैकी फार थोडे उरले होते. आमच्या आजोळच्या खोऱ्यातही पहिला डांबरी रस्ता गाव उठल्यानंतर झाला. त्याच रस्त्याने आम्ही दर मे महिन्यात जोती पाहायला जातो.

इन्व्हर्नेसला गाडी परत केली तेव्हा नियोजित वळशापेक्षा साडेतीनशे मैल जास्त झाले होते, ते क्रॉइकचे, स्ट्रॅथनेव्हरचे आणि असिंटमधल्या भटकंतीचे. गाडी घेणाऱ्या मुलाने डाव्या चाकांच्या आतल्या बाजूला वाळलेला काळा चिखल पाहून, कुठे गेला होतात, असे विचारले. ताईने त्याला रॉसलचे नाव सांगितले आणि त्याच्या चिठ्ठीच्या कागदावर, नीट समजावे म्हणून, अक्षरे सुटी सुटी करून लिहूनही दिले.